मालवण-वेंगुर्ल्याकडे गावात कॉटेज घेताना: जेवणखाणाची आखणी कशी करावी

मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा, निवती, वेंगुर्ला या पट्ट्यात माडाच्या बागेतलं कॉटेज किंवा घरगुती निवास घेणाऱ्यांचे हाल राहण्यापेक्षा जेवणात जास्त होतात. खोली उत्तम असते, समुद्र समोर असतो, पण रात्री साडेनऊला भूक लागते तेव्हा दोन किलोमीटरवर चहाची टपरीसुद्धा उघडी नसते. शहरात जेवण भूक लागल्यावर शोधायचं असतं, इथे ते आदल्या संध्याकाळी ठरवायचं असतं. कारण साधं आहे. मासळी सकाळी येते, गावठी कोंबडा दारातला धरावा लागतो, आंबोळीचं पीठ रात्रभर आंबावं लागतं आणि स्वयंपाक करणारी बाई घरची एकच असते. हे एकदा ध्यानात घेतलं की इथल्याइतकं सुंदर जेवण दुसरीकडे क्वचितच मिळतं.

बुकिंग करतानाच विचारायच्या गोष्टी

फोनवर "जेवणाची सोय आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तर "हो, आहे" असंच येतं आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी हे विचारा:

- स्वयंपाक मालकांच्या घरी होतो, की बाहेरच्या खानावळीतून डबा येतो?
- जेवणाची ऑर्डर किती वाजेपर्यंत द्यायची, आणि रात्रीचं जेवण उशिरात उशिरा किती वाजता वाढतात?
- भाव ताटावर की नगावर? ताटात भात-आमटी, चपाती-भाकरी, सोलकढी पोटभर की मोजून?
- सुरमई, सरंगा किंवा पापलेटच्या ताटाचा भाव ठरलेला आहे की बाजारानुसार बदलतो? बदलत असेल तर आदल्या रात्री सांगतील का?
- घरी मासे-मटण कोणत्या वारी होत नाही?
- स्वतः रांधायचं असेल तर गॅस, कुकर, विळी किंवा खवणी, तवा आणि फ्रिज आहे का? फ्रिज फक्त तुमचा की मालकांबरोबर?
- पिण्याचं पाणी विहिरीचं, नळाचं की जारचं?

वाराचा प्रश्न पुष्कळजण विसरतात. इथे बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात. श्रावण, संकष्टी, एकादशी आणि गावच्या देवाचे दिवस वेगळेच. तुम्ही शुक्रवारी रात्री येऊन सोमवारी सकाळी निघणार असाल तर मासे खायला खरा मोकळा दिवस रविवारचाच असू शकतो. त्यामुळे रविवारची मासळी आधीच सांगून ठेवा आणि शनिवारी काळ्या वाटाण्याची आमटी, काजूची उसळ असं शाकाहारी जेवण घ्या. ते मुळीच दुय्यम नसतं. काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर आंबोळी हा या भागातला एक अस्सल बेत आहे.

पोहोचण्याच्या दिवसाचं जेवण

सर्वात जास्त फजिती पहिल्या रात्री होते. मुंबईहून गाडीने निघालात तर दहा-बारा तास सहज जातात, पोहोचायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात आणि तोवर चूल विझलेली असते. दोनच उपाय आहेत. एक, कुडाळ, कणकवली किंवा सावंतवाडीला महामार्गालगत जेवून मगच आत वळणं. दुसरा, दुपारी वाटेतून फोन करून "काकी, साडेनऊला पोहोचतो, पिठलं-भात ठेवाल का?" असं विचारणं. कुळथाची पिठी आणि भात झाकून ठेवला तरी बिघडत नाही. मासे मात्र अशा वेळी मागू नका. तळलेला मासा दोन तासांनी चिवट होतो आणि सगळ्यांचाच विरस होतो.

रात्रीच्या कोकणकन्येने आलात तर सकाळी स्टेशनवर उतरता. कॉटेज ताब्यात मिळायला बऱ्याच ठिकाणी दुपार होते. तेवढ्या वेळात कुडाळ किंवा मालवणच्या बाजारात नाश्ता करून नारळ, कांदे, लिंबं, दूध अशी खरेदी उरकून घ्या. गावात गेल्यावर दुकान असतं, पण दुपारी एक ते चार बंद असतं.

यजमानांच्या घरचं जेवण: केव्हा काय सांगायचं

तीन गोष्टी आदल्या संध्याकाळपर्यंत सांगाव्याच लागतात.

*आंबोळी आणि कोंबडी-वडे.* आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं. वड्यांचं पीठ जाडसर दळलेल्या तांदूळ-उडदाच्या भरडीचं, त्यात धणे-मेथी असते. ते भिजवून काही तास ठेवलं नाही तर वडे फुगत नाहीत, दडस होतात. सकाळी अकराला सांगून दुपारी एकला वडे मागितले तर मिळतील, पण खायची मजा नाही. नाश्त्याला ऐनवेळी काही हवं असेल तर घावणे मागा. त्यांना आंबवण लागत नाही.

*गावठी कोंबडा.* ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजतो, गावठीला चुलीवर दीड ते दोन तास लागतात. जिवंत दीड किलोचा कोंबडा साफ झाल्यावर साधारण एक किलो भरतो आणि चार-पाच माणसांना पुरतो. भाव नगावर आहे, जिवंत वजनावर आहे की साफ केलेल्या वजनावर, हे सांगतानाच विचारा. हिशोबाच्या वेळी होणारे गैरसमज बहुतेक इथलेच असतात.

*उकडीचे मोदक, शिरवाळे (तांदळाच्या शेवया), खापरोळी (गोड रसातली जाळीदार आंबोळी).* हे सगळं हाताचं काम आहे. दोन-तीन माणसांसाठी करायला कोणी नाखूश असेल तर आग्रह करू नका. आठ-दहा जणांची ऑर्डर असेल तर बहुतेक घरं आनंदाने करतात.

माशांच्या बाबतीत नाव घेऊन अडून बसू नका. "सुरमईच हवी" म्हटलंत आणि त्या दिवशी ती आली नाही तर यजमान बर्फातली आणतात. त्यापेक्षा असं सांगा: "उद्या दुपारी चार माणसं, तिघं मासे खाणारी, एक शाकाहारी. ताजं जे मिळेल ते आणा, पण ताटाचा भाव रात्रीच कळवा." ताजा बांगडा, सौंदाळा किंवा कर्ली बर्फातल्या सुरमईपेक्षा केव्हाही सरस. पेडवे आणि तारल्याही खाऊन बघा. स्वस्त म्हणून हॉटेलवाले फारसं ठेवत नाहीत, घरी मात्र आवडीने खातात.

शाकाहारी पाहुणे असतील तर वेगळं आणि स्पष्ट सांगा. वांग्याच्या किंवा दुधीच्या भाजीत सुकट, सोडे किंवा गोलमा (सुकवलेला जवळा-कोळंबी) टाकणं इथे अगदी नेहमीचं आहे आणि त्याला कोणी मुद्दाम मांसाहार म्हणत नाही. तळणीचं तेल आणि तवाही एकच असतो. ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांनी तर हे दोनदा सांगावं. सोलकढीत लसूण असते. नको असेल तर आधी सांगितल्यास बिनलसणीची मिळते.

खानावळ, हॉटेल आणि किनाऱ्यावरची टपरी

गावातल्या घरगुती खानावळीत दुपारी साडेबारा ते दोन ही खरी वेळ. अडीचनंतर ताट मिळालं तरी चांगले तुकडे संपलेले असतात. बसण्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून आज काय आलंय ते विचारा आणि मासा दाखवायला सांगा, कोणी वाईट मानत नाही. फलकावर दहा प्रकारची मासळी लिहिलेली आणि बाजारात मात्र तीनच आलेली, असं असेल तर बाकीची सात फ्रीजरमधली. चिंबोऱ्या किंवा कुर्ल्या मागवताना जिवंत आहेत का ते पाहाच.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मे महिन्याच्या सुट्टीत आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत मालवण भागातली हॉटेलं ओसंडून वाहतात. जत्रेची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. या दिवसांत बाहेर जेवायचा बेत करू नका, दोन्ही वेळचं यजमानांकडेच ठरवा.

किनाऱ्यावरच्या टपऱ्या संध्याकाळच्या चहा-भजीपुरत्या आणि शहाळ्यासाठी ठीक.

ऋतूप्रमाणे काय मिळतं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बंदी उठल्यावरही समुद्र खवळलेला असतो आणि बरेच मच्छिमार नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच होड्या लोटतात. त्यामुळे जून-जुलैत कोणी सुरमईचं ताट वाढलं तर ती बहुधा बर्फातली असते. त्या महिन्यांत मागायचं ते वेगळं: सुक्या बांगड्याची किसमूर (ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर), सुकटीची चटणी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, नदी-ओहोळातले खेकडे, टाकळ्याची आणि भारंगीची भाजी, अळंबी. पावसाळी कोकणाचं जेवण ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी एकदा तरी जुलैत जावं. रानातली अळंबी मात्र स्वतः गोळा करून खाऊ नका, गावातल्या जाणत्यांनी आणलेलीच घ्या.

गणपतीत घराघरांत पाहुणे असतात, यजमानांच्या घरच्या बायकांना उसंत नसते. या दिवसांत जेवणाची खात्री करून घेतल्याशिवाय बुकिंग करू नका. ऑक्टोबरपासून बांगडा भरपूर. फेब्रुवारीपासून ओले काजूगर, त्यांची उसळ करायला सांगाच. मार्च ते मे कैरी, फणसाची भाजी, करवंदं, जांभळं आणि एप्रिलपासून हापूस.

स्वतः मासळी आणून रांधायची असेल तर

लिलावात हात घालू नका. तिथे पाट्यांच्या पाट्या जातात, चार माणसांसाठी कोणी बोली लावत नाही. लिलावातून माल घेतलेल्या बाया बाजूलाच वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. होड्या केव्हा परततात यावर वेळ ठरते, म्हणून आदल्या दिवशी बंदरावर विचारून ठेवा. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर थांबा. त्याहून ताजा मासा मिळत नाही.

निवडताना: डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, अंग बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरणारं. पोट फुटलेले बांगडे घेऊ नका. मोरीला (लहान शार्क माशाला) अंगचाच एक उग्र वास असतो, पण नाकात झोंबत असेल तर ती शिळी. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) घट्ट मिटलेल्या हव्यात. उघड्या शिंपल्यावर टिचकी मारून मिटली नाही तर टाकून द्या, आणि शिजल्यावर न उघडलेली खाऊ नका. रांधण्याआधी तासभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू सुटते.

चार माणसांना एका वेळेला: मध्यम बांगडे सहा ते आठ, किंवा साधारण दीड किलोची सुरमई. साफ केल्यावर एक किलोच्या आसपास राहते, डोकं आमटीला. कापून देणाऱ्याला तुकडे बोटभर जाडीचे करायला सांगा. पातळ तुकडा तळताना मोडतो, फार जाड आतून कच्चा राहतो.

आता सर्वात महत्त्वाचं. बांगडा, कुपा (ट्यूना), तारली हे मासे उन्हात किंवा गाडीच्या डिकीत दोन-तीन तास राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलटी होते. लोक याला माशाची ॲलर्जी समजतात, पण दोष बहुतेकदा बर्फ न घातल्याचा असतो. म्हणून थर्मोकोलचा डबा बरोबर आणा, माशाच्या वजनाइतका बर्फ घ्या, खाली-वर थर द्या आणि बाजारातून थेट कॉटेजवर या. मध्ये किल्ला बघायला थांबू नका.

बांगड्याची तिरफळ घातलेली आमटी, चौघांसाठी

सहा बांगडे, एक वाटी भरून ओलं खोबरं, आठ-दहा बेडगी मिरच्या (अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून), एक चमचा धणे, अर्धा चमचा हळद, लहानसा अर्धा कांदा, पाच-सहा आमसुलं, आठ-दहा तिरफळं (माशांच्या आमटीत घालायची मसाल्याची सुकी फळं).

१. तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाका. सालं थोडी ठेचून पाव वाटी पाण्यात ठेवा. मसाल्याबरोबर वाटू नका, आमटी कडवट होते.
२. खोबरं, मिरच्या, धणे, हळद, कांदा गंधासारखं बारीक वाटा. मिक्सर नसेल तर मालकीणबाईंना पाट्यावर वाटून द्याल का विचारा, किंवा गावातून वाटप विकत मिळतं का पाहा.
३. वाटप, दोन-अडीच वाट्या पाणी, मीठ, आमसुलं आणि तिरफळ पाण्यासकट टोपात घालून एक उकळी आणा.
४. मासे सोडा, आच मंद करा, सात-आठ मिनिटं ठेवा. पळी घालू नका, टोप दोन्ही हातांनी धरून फिरवा, नाहीतर मासा मोडतो.
५. शेवटी एक चमचा कच्चं खोबरेल. झाकून दहा मिनिटं मुरू द्या.

तळताना तुकडे चिकटतात ते तवा पुरेसा तापलेला नसतो म्हणून, किंवा एकदम आठ तुकडे टाकल्यामुळे तेल गार पडतं म्हणून. चार-चार टाका, मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटं, खालची बाजू कुरकुरीत झाल्याशिवाय उलटू नका.

भाताचा हिशेब माणशी एका जेवणाला १०० ग्रॅम तांदूळ. दोन दिवस चौघांनी चार जेवणं रांधायची तर दीड-पावणेदोन किलो तांदूळ, पाच-सहा नारळ, पाऊण लिटर तेल, दीड किलो कांदे, २०० ग्रॅम मालवणी मसाला आणि ३०० ग्रॅम पोहे पुरतात. मसाला आणि आमसुलं गावातच घ्या, तिथलीच चांगली.

ओल्या नारळाची आमटी दमट हवेत चार-पाच तासांत आंबते. दुपारची आमटी रात्री खायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, आणि वीज गेली असेल तर मोह सोडून द्या. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. माशांची घाण विहिरीजवळ किंवा मागल्या अंगणात टाकू नका. कुठे पुरायची ते मालकांना विचारा. पडवीत केळी, पाव उघडे ठेवले तर माकडं काही मिनिटांत नेतात.

पाणी, सोलकढी आणि इतर पेयं

पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर धरा, मे महिन्यात जास्त. विहिरीचं पाणी उकळूनच प्या. देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीवर उन्हाळ्याच्या शेवटी विहिरी मचूळ होतात आणि खारटपणा उकळून जात नाही, तेव्हा २० लिटरचा जार मागवा. बंदरावरचा बर्फ मासळीसाठीच असतो. तो सरबतात घालू नका.

सोलकढी चौघांना: एका नारळाच्या खवलेल्या खोबऱ्यात दोन वाट्या कोमट पाणी, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, चिमूटभर जिरं घालून वाटा, गाळा, चोथा पुन्हा एक वाटी पाण्याबरोबर वाटून गाळा. मग तीन-चार चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला दाट रस). आगळात मीठ आधीच असतं, चव बघूनच आणखी घाला. आमसुलं वापरायची तर दहा-बारा, वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. सोलकढी गरम करू नका, फुटते. त्याच दिवशी संपवा.

दारूबाबत. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो आणि परमिट रूममध्ये एका दिवसाचा परवाना मिळतो. कडक दारूसाठी वय २५, बिअर-वाइनसाठी २१. गोव्यातून स्वस्त बाटल्या भरून आणण्याचा मोह अनेकांना होतो, पण परवान्याशिवाय ती दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ तपासणी होते. हुर्राक प्यायचा असेल तर मार्च ते मेमध्ये सीमेपलीकडे गोव्यातच, लिंबू, मीठ आणि सोड्याबरोबर प्या, आणि परत गाडी चालवणारा न पिणारा ठेवा. काजूच्या रसाचा हा पहिला अर्क फेणीपेक्षा सौम्य असतो, म्हणूनच नकळत जास्त होतो. माडी घ्यायची तर परवानाधारक दुकानातूनच. कॉटेज यजमानांच्या अंगणात असेल तर बाटली काढण्याआधी विचारा. तुळशीसमोरच्या पडवीत पिणं बऱ्याच घरांना चालत नाही. पिऊन समुद्रात उतरू नका, विशेषतः देवबागच्या संगमाकडे, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि ओढ जबरदस्त असते.

हिशोब आणि निघायचा दिवस

नेटवर्क केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून जेवणापुरते सुटे पैसे रोख ठेवा. रोज रात्री त्या दिवशीच्या ताटांचा हिशोब लिहून दोघांनी बघावा, शेवटच्या दिवशी घाई होत नाही.

परतीच्या प्रवासाला डबा हवा असेल तर आदल्या रात्री सांगा: घावणे आणि सुकी बटाट्याची भाजी, किंवा तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आमटी, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि सोलकढी प्रवासात नको. आगळाची बाटली गळ्यापर्यंत भरलेली घेऊ नका, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून उभी ठेवा. सुके बांगडे घेताना पूर्ण कडक आहेत ना ते वाकवून बघा, आधी कागदात, मग दोन पिशव्यांत, मग झाकणाच्या डब्यात भरा. घरी पोहोचल्यावर लगेच उघडून एक ऊन दाखवा, नाहीतर आतल्या ओलाव्याने बुरशी धरते.